तेम्वाचे पाय

"हे तुमच्या सुईनंच झालं!" न्याजेरेनं पाठीवरची लेक दवाखान्याच्या खाटेवर ठेवली. "शाळेत टोचलंत, आणि दुसऱ्या सकाळपासून पोर पाय टेकवेना. चांगली चालती-फिरती होती हो माझी तेम्वा!"

सिस्टर लुसुंगूनं तेरा वर्षांच्या तेम्वाला पुन्हा तपासलं. ताप नाही, सूज नाही. हातोडी मारली की गुडघा उडायचा; पण उभं केलं की पोर पोत्यासारखी कलंडायची. तळव्याला सुई टोचली तरी पाय हलला नाही. तेम्वानं नुसते डोळे मिटून घेतले.

"लशीनं असं होत नाही, आई. दंड दुखतो, कुणाला चक्कर येते. बाकीच्या मुली बघा, धावताहेत."

"मग माझीच का नाही धावत?"

सिस्टरनं तपासणीचे कागद पुन्हा चाळले. म्झिंबाच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनाही काही सापडलं नव्हतं. ही बातमी ऐकून पलीकडच्या गावात तर आयांनी मुलींना शाळेतच पाठवलं नव्हतं. 

तेम्वाचा बाप योतामु दाराशी डोकं धरून बसला होता. बाहेर फटफटी थांबली तसा तो धडपडत उठला.

"या जावईबापू, या."

आलेला माणूस योतामुच्याच वयाचा होता. तंबाखूवाला गोंद्वे. त्यानं काठीनं तेम्वाचा पाय ढोसून पाहिला.

"हिला उचलून चर्चमध्ये नेऊ की काय?"

"लग्न कापणीनंतर आहे, तोवर बरी होईल हो."

"घरात दोघी बायका आहेत, त्याच बसून खातात. तिसरी लुळी कशाला? हिच्यासाठी दिलेल्या माझ्या गाई परत पाठव, योतामु."

"अहो, ऐका तरी!" योतामु त्याच्यामागे धावला.

न्याजेरेनं ऊर बडवून आकांत मांडला. "वाटोळं झालं हो पोरीचं! आता कोण करणार हिला?"

सिस्टरलाही रडू आवरेना. "माझ्या हातानं असं काही होईल असं वाटलं नव्हतं," एवढंच ती कसंबसं म्हणाली.

न्याजेरे रडत रडतच खिडकीपाशी गेली. फटफटीचा आवाज टेकडीपलीकडे विरेपर्यंत तिथंच उभी राहिली. मग कमरेच्या कापडानं तिनं डोळे कोरडे केले आणि लेकीकडे वळली.

"गेला. ऊठ आता, पाय अवघडले असतील."