पांघरुणातला दुसरा

“तुम्ही लांबून पाहिलंत, एवढंच सांगायचं. जास्त शहाणपणा नको,” फिर्यादीच्या वकीलबाईंनी कोर्टाच्या दारात रुफिनोला तिसऱ्यांदा बजावलं आणि आत पिटाळलं.

रुफिनोनं मान डोलावली. साठी उलटलेला माणूस, छातीवर माल्विनासच्या, म्हणजे इंग्रजांच्या फॉकलंड बेटांवरच्या, युद्धाचं पदक. मागच्या बाकावर त्याची बायको निल्दा थर्मास मांडीवर घेऊन बसली होती. पुढच्या बाकावर सेल्सो होता. डाव्या पायाला बोटं नाहीत म्हणून तो बसल्यावरसुद्धा काठी सोडत नसे.

खटला सेल्सोचाच होता. चाळीस वर्षांपूर्वी त्या बेटांवर कॉर्पोरलनं त्याला उघड्या माळावर, नुसत्या सदऱ्यावर, हातपाय ताणून चार खुंट्यांना बांधून ठेवलं होतं. दिवसभर. गोठलेली बोटं पुढे कापावी लागली. कशासाठी? तर पहाटे खंदकात तो दुसऱ्या एका शिपायाबरोबर एका पांघरुणात सापडला. आता अर्जेंटिनाच्या उत्तरेला, कोरिएन्तेसच्या उन्हात वाढलेली ती पोरं, त्या बर्फाळ वाऱ्यात एकमेकांना बिलगून झोपणार नाहीत तर काय करतील! पण या दोघांचं बिलगणं थंडीपुरतं नव्हतं, आणि कॉर्पोरलच्या नजरेतून ते सुटलं नाही.

तो कॉर्पोरल आता निवृत्त होऊन मजेत होता आणि साफ कानांवर हात ठेवत होता. साक्षीदार मिळाला नसता तर खटला तिथंच गुंडाळला गेला असता.

सेल्सोनं जबानीत सगळं खरं सांगितलं होतं. फक्त दोन गोष्टी सोडून. बांधलं कुणी? तर कॉर्पोरलनं स्वतः. पांघरुणातला दुसरा कोण? तर आठवत नाही.

आठवत नाही म्हणे! वकीलबाईंच्या कचेरीत ती जबानी वाचताना रुफिनोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरा तो स्वतः होता. दोरही त्यानंच बांधला होता. बांध, नाहीतर अजून चार खुंट्या आहेत माझ्याकडे, असं कॉर्पोरल म्हणाला होता, आणि यानं मुकाट्यानं बांधलं. वर आपण ‘तसले’ नाही हे दाखवायला दोन्ही मनगटांना एकेक वेढा जास्तच दिला. तो द्यायला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. गाव एकच होतं, तरी नाही. रुफिनोनं लग्न केलं. युद्धाच्या स्मृतिदिनी तो दर वर्षी पहिल्या रांगेतून चालला. माजी सैनिकांच्या क्लबात कुणी बायल्यांवर विनोद केला की सगळ्यांत मोठ्यानं तोच हसायचा. आणि ते विनोद बहुतेक वेळा सेल्सोवरच असायचे. सेल्सोनं एक नाव घेतलं असतं तर रुफिनोचं हसणं कायमचं बंद झालं असतं. त्यानं ते घेतलं नाही. लांबून पाहिलं, एवढं कबूल करायलासुद्धा रुफिनोला खटला उभा राहिल्यापासून दोन वर्षं लागली होती. स्वतःचीच किळस येण्याची त्याला आता सवय झाली होती.

कारकुनानं शपथ दिली. मग इथं प्रत्येक साक्षीदाराला विचारतात तेच विचारलं: फिर्यादीशी काही नातं, मैत्री किंवा वैर?

उत्तर पाठ होतं. एका तुकडीत होतो, बस. रुफिनोनं तोंड उघडलं आणि त्याची नजर सेल्सोवर गेली. सेल्सोनं हळूच नकारार्थी मान हलवली. सांगू नकोस. या वयात, या पायानं, अजून हा मलाच सांभाळतोय, हे रुफिनोच्या ध्यानात आलं, आणि पाठ केलेलं उत्तर त्यानं सोडून दिलं.

“मैत्री म्हणून भागायचं नाही, बाईसाहेब,” तो न्यायाधीशबाईंना म्हणाला. “माझा जीव होता याच्यावर. पांघरुणातला दुसरा मीच. आणि दोर मी बांधला, कॉर्पोरलनं नव्हे. त्यानं हुकूम सोडला, हात माझे होते.”

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. मागं कुणीतरी खाकरलं. निल्दाकडे बघायची रुफिनोची छाती झाली नाही. घरी जायला घर उरलं होतं की नाही, देव जाणे.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. त्यांचा आवाज साधाच होता. पांघरुणात दोघं होतात, मग शिक्षा एकट्यालाच का, असं त्यांनी विचारलं. कॉर्पोरलनं नेमकं सेल्सोलाच का निवडलं?

“रुफिनो, पुरे झालं, गड्या,” सेल्सो बाकावरून म्हणाला. चाळीस वर्षांत तो रुफिनोशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

रुफिनोला ते ऐकून रडू फुटलं, पण तो थांबला नाही.

“त्यानं निवडलंच नाही, बाईसाहेब. दोर त्यानं आधी सेल्सोच्या हातात दिला होता, मला बांधायला. सेल्सोनं तो खाली टाकला. मी उचलला.”