विरजण

"दिवसा घरात कोण असतं?" घर गरम ठेवायची शेगडी विकायला आलेल्या गोऱ्या म्हाताऱ्याने मोजमापाची टेप गुंडाळत विचारलं.

"कोणी नसतं," पुष्कर बिनदिक्कत म्हणाला. "त्यामुळे सगळ्यात लहान मापाची चालेल."

चहाचा ट्रे घेऊन आलेली त्याची बायको मृदुला दारातच थबकली. अमेरिकेत येऊन चौदा महिने झाले, तरी तिला नोकरीची परवानगी मिळाली नव्हती. शंभर वर्षांच्या या लाकडी घरात फटीफटीतून वारा यायचा, आणि ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोन स्वेटरांवर शाल गुंडाळून वावरायची. हा मात्र रोज गरम ऑफिसातून गरम गाडीत बसून घरी येणार!

"घर जुनं आहे, ऊब टिकत नाही," म्हातारा चाचरत म्हणाला. "लाकडाच्या भुशाच्या गोळ्या जाळणारी लहान शेगडी इथे पुरी पडणार नाही."

"मला तर कधी थंडी वाजली नाही," पुष्कर म्हणाला.

मृदुलाने ट्रे आदळला. तरातरा स्वयंपाकघरात जाऊन तिने पातेलं आणलं आणि नवऱ्याच्या नाकासमोर तिरकं केलं. दूध पाण्यासारखं काठापर्यंत धावलं.

"परवा विरजण लावलंय याला, अजून दही लागलेलं नाही! घरात कोणी नसतं ना? मग हे विरजण लावलं कोणी? आणि हा चहा काय भिंतींनी केला?"

पुष्करची मान खाली गेली. म्हाताऱ्याला मराठी येत नव्हती. त्याने पातेल्यात डोकावून पाहिलं आणि हातातल्या कागदावर लिहिलेली लहान शेगडी खोडली.

"दिवसा घरात कोण असतं?" त्याने पुन्हा विचारलं, या वेळी तिच्याकडे बघून.

पुष्करने तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "मी."