काळी पूड

ग्लिसरीनपासून लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या त्या काळ्या पुडीवर अख्ख्या प्रयोगशाळेचं नाव उभं होतं. आणि पीएचडीच्या पाचव्या वर्षी, प्रबंध द्यायच्या तोंडावर, प्रयोगाच्या धांदलीत एक विद्यार्थिनी नेमकी ती पूडच टाकायला विसरली.

"सर, तरी आम्ल तेवढंच झालं! मग मुद्दाम तीनदा करून बघितलं. पुडीचा काही संबंधच नाही, सगळी करामत आपण ज्यात प्रयोग करतो त्या जुन्या धातूच्या भांड्याची आहे."

तिचे मार्गदर्शक सर उठले. त्यांनी हळूच दाराला कडी घातली.

"तुझ्या आधी दोघं याच खोलीत हेच सांगायला आले होते."

"मग?"

"एकानं बाहेर जाऊन बोंब ठोकली. आज त्याचं नावही कुणाला आठवत नाही."

"आणि दुसरा?"

परत आपल्या खुर्चीत बसून, त्या पुडीवरचा तिचा प्रबंध सहीसाठी तिच्यापुढे सरकवत सर म्हणाले, "त्याच्याच समोर बसली आहेस तू."