मीठ बेताचं

"साहेब, ती कडेची उलटायची राहिली," धाकटे म्हणाले.

थोरल्यांनी चिमट्याने ती कोळंबी उलटली. जाळीला चिकटली होती. रंग मात्र आज झकास धरला होता, तांबूस आणि चकचकीत.

गच्चीवर दोघंच होते. मासळीच्या कारखान्यात चव बघायच्या नोकरीवरही हे दोघंच. धाकटे बावन्न वर्षांचे होते; पण थोरले अठ्ठावन्नचे, म्हणून ते धाकटे. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय एक खोका बाहेर जात नसे.

हिवाळ्यात कारखान्यात तापाची साथ आली आणि गेली. सगळे बरे झाले. थोरलेही बरे झाले. चव आणि वास तेवढे परतले नाहीत. निवृत्तीला चार महिने उरले होते. जीभ मेल्याचं कळलं असतं, तर दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं असतं. म्हणून त्यांनी बायकोलाही पत्ता लागू दिला नव्हता. कारखान्यात ते घास तोंडात धरून धाकट्यांच्या चेहऱ्याकडे बघत. धाकटेही अदबीने आधी साहेबांकडे बघत. मग कुणाची तरी भुवई हले आणि सह्या होत. गंमत म्हणजे, गिऱ्हाइकांच्या तक्रारी कमी झाल्या होत्या.

आज धाकटेच हट्टाला पेटले होते. "वीस वर्षं नुसतं ऐकतोय, तुमच्या हातची कोळंबी. जायच्या आधी एकदा खाऊ तरी घाला."

बायको शेजारी गेलेली. थोरल्यांनी स्वतःच फडताळातला पांढरा डबा काढून त्यातलं सढळ हाताने कोळंबीला चोळलं होतं. पूर्वी चिमूटभर जिभेवर ठेवून खात्री केली असती. आता ते खातंच बंद होतं.

"घ्या," त्यांनी ताटली पुढे केली आणि श्वास रोखला.

धाकटे बराच वेळ चावत राहिले, साहेबांकडे बघत. शेवटी थोरल्यांनी धीर करून एक तोंडात टाकली आणि मान डोलावली.

"वा," धाकटे लगेच म्हणाले. "मीठ अगदी बेताचं."

"जास्त नाही ना झालं?"

"छे हो. हात आहे की तराजू?"

थोरल्यांचा जीव भांड्यात पडला. दोघं बोटं चाटत खात राहिले.

"तुम्ही गेल्यावर माझं कसं व्हायचं, साहेब?"

"का? तुमची जीभ पक्की आहे. माझ्यापेक्षा पक्की."

धाकट्यांनी निखारे उगाचच सारखे केले.

जिना चढून बायको वर आली. "माझ्यासाठी ठेवलीय का एखादी?" म्हणत तिने ताटलीतली शेवटची कोळंबी तोंडात टाकली आणि तशीच हातावर काढली.

"अहो, ही पिठीसाखर आहे."

मग तिने सालांच्या ढिगाकडे पाहिलं. "आणि एवढी सगळी संपवलीत?"

थोरल्यांनी सवयीने धाकट्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. धाकटे आधीपासूनच त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.