काजळीवरची रेघ

रेघ सपाट झाली.

वेणीमाधव पुढे वाकला. काजळी धरलेला कागद गुंडाळून ड्रम फिरत होता. बेडकाच्या हृदयाला दोऱ्याने जोडलेली काडी इतका वेळ त्यावर पांढरे दाते कोरत होती. औषधाचा थेंब पडला, दाते विरळ झाले आणि मग संपलेच.

"गेलं बगा बेडूक," रामहरी म्हणाला. नारायणराव डॉक्टरांच्या छोट्या प्रयोगशाळेतला तो जुना शिपाई. "ड्रम थांबवा की साहेब, कागद वाया चाललाय."

वेणीमाधवने खटका ओढला. मुंबईहून मागवलेल्या कागदांतला हा शेवटचा. सपाट रेघेवर कागद घालवायचा नाही, हा त्याचा नेहमीचा नेम.

त्या थेंबात अॅडेनोसिन होते. प्रत्येक जिवंत पेशीत न्यूक्लिक आम्ल असते. ते ज्या विटांनी रचलेले असते, त्यांतली ही एक. हीच वीट सुटी करून रक्तात सोडली तर धावते हृदय मंदावते, असे त्याने एका विलायती नियतकालिकात वाचले होते. म्हणून ती मिळवायला आठ महिने तो शिंदीच्या मडक्यांतला, यीस्टच्या पेशींनी भरलेला गाळ उकळत होता. गाळ रामहरी आणी, आणि रोज गुत्त्यावर दिसतो म्हणून बायकोच्या शिव्या खाई. एवढ्या खटपटीतून चिमूटभर पांढरी भुकटी हाती लागली. अर्धी बेडकासाठी, अर्धी मालतीसाठी.

मालती त्याची धाकटी, लग्नाची बहीण. लहानपणी सांधे धरणाऱ्या तापाने तिचे हृदय अधू करून ठेवले होते. आज तिसरा दिवस, छातीतली धावपळ थांबत नव्हती. नाडी मोजायला गेले की आकडे मागे पडत. "बेडकावर चाललं तर लगेच शिरेत देतो," डॉक्टर सकाळी म्हणाले होते. "माझ्यापाशी दुसरं काही उरलेलं नाही."

"मंदावलं न्हवं? मग झालं की," रामहरी म्हणाला.

"मंदावलं नाही. थांबलं." वेणीमाधव म्हणाला. "हे विष आहे, रामहरी."

मालतीसाठी राखलेले द्रावण त्याने मोरीत ओतले. सायकल काढली. मागोमाग रामहरीने दाराला कुलूप घातले.

घरी आईने त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिले आणि तोंडाला पदर लावला.

"झालं का रे दादा तुझं शिंदीचं औषध?" मालतीने धापा टाकत विचारले.

"नाही जमलं गं."

"बरं झालं. आईनं तुला घरात घेतलं नसतं." ती हसू गेली, पण श्वास पुरला नाही. "बस इथं."

तो बसला. दिवेलागणीच्या आधी ती गेली.

सुतक फिटल्यावर तो प्रयोगशाळेत आला. रामहरीने बेडूक दुसऱ्याच दिवशी टाकून दिला होता, त्याच्या खालचा पाट धुऊन ठेवला होता.

"कागदाला मातर हात न्हाय लावला," तो म्हणाला. "तुमचा हाय म्हनून."

वेणीमाधवने ड्रम उचलून उजेडात धरला. दाटीवाटीचे दाते. मग विरळ. मग बोटभर लांब सपाट रेघ. ती जिथे संपली होती, तिथे त्याने ड्रम थांबवला होता.

आणि तिथेच, त्या एकाच जागी, हृदयाला बांधलेली काडी रात्रभर खालीवर होत राहिली होती. सगळी काजळी खरवडून तिने कागदाला उभे भोक पाडले होते.