अर्जावरचे काका

कॉलेजच्या फीला मदत करणारी एकच संस्था आम्हाला सापडली, आणि ती नेमकी वडील नसलेल्या मुलांनाच पैसे द्यायची. माझे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवत. त्यांनी अर्ज पुढ्यात ओढला आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात स्वतःच लिहिलं, ‘वडील हयात नाहीत.’

“आजपासून मी तुझा काका,” ते म्हणाले. “तिथे चुकून ‘बाबा’ म्हणालास, तर मात्र मी खरंच मेलो.”

मुलाखतीला ते सोबत आले. संस्थेच्या चिटणीसबाई इतक्या गहिवरल्या, की त्यांना मृत्यूचा दाखला मागायचंही सुचलं नाही. “भावाच्या मुलासाठी एवढं कोण करतं हो हल्ली?”

बाबांनी मान खाली घातली. “भाऊ फार चांगला होता हो माझा.”

गेल्या महिन्यात त्याच संस्थेने नाव कमावलेला माजी विद्यार्थी म्हणून माझा सत्कार केला. ब्याऐंशी वर्षांच्या बाबांना पहिल्या रांगेत, ‘काका’ म्हणून, खुर्ची दिली. आज सगळं खरं सांगून टाकायचं, असं ठरवूनच मी गेलो होतो. रक्कम परत करायचा चेकही खिशात होता. माईक हातात आला, समोरची तीनशे माणसं दिसली आणि तोंडून निघालं, “आज माझे वडील असते, तर...”

सभागृह हळहळलं.



पहिली टाळी काकांनी वाजवली.