एकही हरकत आली नाही

अधिकाऱ्यानं साप्ताहिक उघडलं, तिसऱ्या पानावर बोट ठेवलं आणि अंक सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

"ही बघा तुमची नोटीस. तीन महिन्यांपूर्वीच छापून आलीय. हरकत घ्यायला तीस दिवस दिले होते. एकही हरकत आली नाही. आता आम्ही तरी काय करणार?"

पालिकेच्या सभागृहात गल्लीतली माणसं दाटीवाटीनं बसली होती. रस्ता रुंद होणार होता आणि त्यात त्यांची साठ घरं जाणार होती. सोमवारी बुलडोझर येतोय, हे त्यांना कालच कळलं होतं. तेही कुणीतरी येऊन दारांवर लाल रंगानं आकडे टाकून गेलं, तेव्हा.

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मागच्या भिंतीला टेकून, हातात वही-पेन घेऊन, त्या साप्ताहिकाचा संपादक उभा होता. तो बातमी घ्यायला आला होता.

गल्ली त्याला मामा म्हणायची. त्याची थोरली बहीण लग्न होऊन तिथं नांदायला गेली, तेव्हापासून तो लहानथोर सगळ्यांचाच मामा झाला होता.

गल्लीतल्या शिंप्यानं अधिकाऱ्याच्या हातून अंक घेतला. नोटीस काड्यापेटीएवढी होती. तिच्यात गल्लीचं नाव नव्हतं, कुणा घरमालकाचं नव्हतं. नुसते सर्व्हे नंबर होते, एकशे चौदा ते एकशे त्र्याहत्तर. स्वतःच्या घराचा सर्व्हे नंबर कुणाला पाठ असतो? शिंप्यानं ती दोनदा वाचली, अंकाची नीट घडी घातली आणि मागे येऊन ती संपादकाच्या हातात ठेवली.

"वा, मामा," तो म्हणाला, "अख्ख्या गल्लीला मामा बनवलंत."

कुणी हसलं नाही. त्याची ताई पहिल्या रांगेत बसली होती. मागे वळली नव्हती ती एकटीच.

संपादकानं वही मिटली. तो तसाच जिना चढून वर गेला.

एकवीस वर्षं तो ते साप्ताहिक चालवत होता. बातम्या आणायचा तोच, लिहायचा तोच, अंक बांधून पोस्टात टाकायचाही तोच. पाण्याची गळकी टाकी, शाळेचं कोसळलेलं छप्पर, नातेवाइकांना दिलेली कंत्राटं, यावरून गेली आठ वर्षं त्यानं नगराध्यक्षाला सोलून काढलं होतं. पण पालिकेच्या नोटिसा कधी थांबल्या नाहीत. गावात दोन मोठी दैनिकं असूनही त्या त्याच्याकडेच यायच्या, आणि त्यांच्या पैशांवरच अंक तगून होता. चारचौघांत तो छाती काढून सांगायचा, "शत्रूसुद्धा आपल्या पेपराला मान देतो."

दार न ठोठावता तो नगराध्यक्षाच्या खोलीत शिरला.

"हे मी पहिल्या पानावर छापणार आहे. तुमच्या नावानिशी. साठ घरांना अंधारात ठेवून तुम्ही त्यांना रस्त्यावर आणताय!"

नगराध्यक्ष सह्या करत होता. त्यानं पेनाला टोपण लावलं आणि समोरच्या खुर्चीकडे हात केला.

"बसा, संपादक. चहा सांगू?"

"चहा नकोय मला."

"बरं. मग छापा. मोठ्या अक्षरात छापा. माझा फोटो हवा असेल तर चांगला देतो, तुमच्याकडचा जुना झालाय." त्याच्या आवाजात राग नव्हता. "आमचीच माणसं मला विचारतात, हा बाबा दर आठवड्याला तुम्हाला शिव्या घालतो आणि नोटिसा त्यालाच कशाला? मी म्हणतो, अरे, कायद्यानं नोटीस पेपरात छापावी लागते. ती कुणी वाचलीच पाहिजे, असं कायद्यात कुठं आहे? त्या दोन दैनिकांत दिली असती, तर दुसऱ्या दिवशी दारात मोर्चा आला असता."

संपादक खुर्चीत बसला.

"तुम्ही काळजी करू नका," नगराध्यक्षानं पुन्हा पेन उघडलं. "मी आहे तोवर तुमचा अंक बंद पडू देणार नाही."

तो खाली आला तेव्हा सभागृह रिकामं झालं होतं. माणसं सामान बांधायला घरी गेली होती. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ताई एकटीच बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. तो तिच्या शेजारी टेकला.

"ताई, मी गप्प बसणार नाही. उद्याच खास अंक काढतो. सगळं बाहेर काढतो."

"वाचणार कोण?"

टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.

"तुझा अंक दर शुक्रवारी येतो घरी," ती म्हणाली. "मी घडी न मोडता कपाटात ठेवते. भाऊ छापतो, म्हणून रद्दीत घालवत नाही. पण वाचत नाही रे. खोटं कशाला बोलू? गल्लीतही कुणी वाचत नाही. ते आमचं चुकलंच."

त्यानं हातातल्या अंकाची घडी उलगडली.

"आमचं सोड," ताईनं आता कुठं त्याच्याकडे पाहिलं. "छापायच्या आधी तू तरी वाचली होतीस का ती नोटीस?"



"वाचली होती," तो म्हणाला. "दोनदा. ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका होत्या तिच्यात. त्या दुरुस्त केल्या मी."